आगगाडीने वसविलेले गाव आणि लॉराबाई वाइल्डर

अमेरिकेतील संयुक्त संस्थानांच्या मध्यभागी एक विस्तीर्ण गवताळ मैदान पसरलेले आहे. तिकडील लोक त्यास प्रेअरी म्हणतात. त्या मैदानात, साउथ डकोटा संस्थानाच्या किंग्सबरी परगण्यात, डी स्मेट नावाचे एक लहान गाव आहे. २०२० च्या शिरगणतीत तेथील वस्ती हजाराहून किंचित अधिक भरली. आमच्या कित्येक वाचकांची गावे ह्याहून मोठी असतील. तरीसुद्धा अनेक देशांतील मुलांस ह्या गावचा रस्ता, तेथील दुकाने आणि तेथे पडलेला एक भयंकर हिवाळा ठाऊक आहे. कारण त्या गावी वाढलेल्या एका गरीब शेतकऱ्याच्या मुलीने म्हातारपणी ते सर्व लिहून ठेविले. त्या लॉराबाई इंगल्स वाइल्डर ह्यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. शेत, कर्ज, अवर्षण आणि मंडळी ह्या चार गोष्टी ज्यांच्या रोजच्या जीवनातल्या आहेत, त्यांस हे चरित्र परके वाटणार नाही.

लॉराबाईंचा जन्म ७ फेब्रुवारी १८६७ रोजी विस्कॉन्सिन संस्थानात पेपिन गावाजवळील अरण्यात एका लाकडी झोपडीत झाला. वडील चार्ल्स इंगल्स हे शेतकरी, सुतार आणि शिकारी; शिवाय सारंगीसारखे फिडल नावाचे वाद्य ते उत्तम वाजवीत. आई कॅरोलाइन लग्नापूर्वी शिक्षिका होती. लॉरापेक्षा दोन वर्षांनी मोठी मेरी. मागून कॅरी व ग्रेस ह्या दोन बहिणी झाल्या. एक भाऊही झाला, पण तो नऊ महिन्यांचा होऊन १८७६ साली वारला.

चार्ल्स ह्यांच्या पायास भिंगरी होती. चांगल्या जमिनीच्या आशेने त्यांनी पुनः पुनः घर मोडले आणि गाडीत संसार घातला. १८६९ साली ते कॅन्सास संस्थानात जाऊन राहिले. ती जमीन ओसेज नावाच्या मूळवासी लोकांची होती आणि परक्यांस तेथे वसण्याचा अधिकार नव्हता. १८७१ साली इंगल्स कुटुंब तेथून परतले. ओसेज लोकांस मात्र आपली ती भूमी कायमची सोडावी लागली. ही गोष्ट आम्ही आताच सांगून ठेवितो, कारण पुढे तिच्याकडे परत यावयाचे आहे.

१८७४ साली चार्ल्स ह्यांनी मिनेसोटा संस्थानात वॉलनट ग्रोव्ह गावाजवळ शेत घेतले. गहू जोमाने आला. पण कापणीच्या आधी टोळांचे ढग उतरले आणि हिरवे म्हणून काही शिल्लक राहिले नाही. दुसऱ्या वर्षी टोळांच्या अंड्यांतून पिले निघाली व पुन्हा तोच नाश झाला. चार्ल्स मजुरी करण्याकरिता शेकडो मैल पायी गेले. त्याच गावी काँग्रिगेशनल मंडळी स्थापन झाली, तेव्हा पहिल्या सभासदांत चार्ल्स व कॅरोलाइन ही होती. लॉराबाईंच्या पुस्तकात असे आहे की, बापाचे बूट फाटले असता नव्या बुटांकरिता ठेविलेले पैसे त्याने देवळाच्या घंटेस दिले. ज्या अमेरिकन मराठी मिशनाने अहमदनगरकडे मंडळ्या उभारिल्या, त्याचा आधार मुख्यतः ह्याच काँग्रिगेशनल मंडळ्या होत्या. आपल्याकडे येणारा पैसा श्रीमंतांच्याच पेटीतून येत असे, अशी समजूत कोणाची असेल तर त्याने हे फाटके बूट ध्यानात ठेवावे.

१८७९ साली घरावर मोठे संकट आले. चौदा वर्षांची मेरी तापाने आजारी पडली आणि तिची दृष्टी गेली. आईबापांनी तेव्हापासून लॉरास सांगितले की, आता तू मेरीचे डोळे हो. दिसेल ते सर्व, आकाशाचा रंग, गवतावरून जाणारा वारा, घोड्यांची चाल, ती बहिणीस शब्दांनी वर्णन करून सांगू लागली. पुढे जी लेखिका झाली तिची शाळा हीच होय, असे म्हणावयास हरकत नाही.

त्याच वर्षी चार्ल्स ह्यांच्या बहिणीच्या ओळखीने त्यांस लोहमार्गावर काम मिळाले. शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न नावाची आगगाडीची कंपनी आपला मार्ग मिनेसोटातून पश्चिमेस डकोटा प्रांतात नेत होती. मजुरांची हजेरी ठेवणे, कोठीचा हिशेब पाहणे, पगार वाटणे ही कामे चार्ल्स ह्यांजकडे होती. हिवाळा आला तसे मजूर निघून गेले. पण इंगल्स कुटुंब सिल्व्हर लेक नावाच्या तळ्याकाठी मोजणीदारांच्या घरात राहिले. त्या ओसाड मैदानात मैलोगणती दुसरे घर नव्हते. १८८० च्या आरंभी आल्डेन नावाचे ओळखीचे पाळक वाट काढीत तेथे आले आणि त्या घराच्या एका खोलीत त्यांनी उपासना चालविली. गावची आखणी अद्याप जमिनीवर झाली नव्हती, तोच तेथे प्रार्थना झाली.

आता गाव कसे वसले ते पाहू. आपल्याकडे गावे नदीकाठी, विहिरीपाशी किंवा जुन्या वाटेवर आपोआप वाढलेली असतात; किती पिढ्यांपूर्वी पहिले घर झाले हे कोणी सांगू शकत नाही. डकोटातील गावे तशी नव्हेत. तेथे प्रथम कंपनीने रुळांची ओळ आखिली, आणि मग त्या ओळीवर आठदहा मैलांच्या अंतराने गावांच्या जागा नेमिल्या. ह्या अंतराला कारण होते. शेतकऱ्याने घोड्यांच्या गाडीत धान्य भरून सकाळी निघावे, ते स्टेशनावर विकावे, आणि रात्रीपर्यंत घरी परतावे. वाफेच्या इंजिनासही वाटेत वरचेवर पाणी व कोळसा लागे. जागा नेमिली म्हणजे कंपनीचे लोक साखळीने मोजून घरांचे तुकडे पाडीत, मुख्य रस्ता रुळांशी काटकोनात काढीत, आणि तुकडे विकण्यास लावीत. जेथे कंपनीने स्टेशन दिले तेथे गाव झाले. जेथे दिले नाही तेथील वस्ती उठून रुळांकडे गेली.

१८८० च्या वसंतात डी स्मेटची मोजणी झाली, आणि थोड्याच आठवड्यांत रस्त्याच्या दोहों बाजूंस कच्च्या फळ्यांची दुकाने उभी राहिली. गावास नाव दिले ते बेल्जम देशातील पिएर-जाँ डी स्मेट ह्या रोमन कॅथलिक मिशनऱ्यांचे. १८७३ साली त्यांचे देहावसान होईपर्यंत त्यांनी तिकडील मूळवासी लोकांत अनेक वर्षे प्रवास केला होता. ज्या डकोटा लोकांचे मित्र म्हणून त्यांची ख्याती होती, त्यांच्याच जुन्या भूमीवर हे गाव बसले. ती भूमी तहांनी आणि दडपणाने सरकारकडे गेली होती.

त्या काळी सरकारचा १८६२ सालचा एक कायदा होता. थोडीशी फी भरून शेतकऱ्याने १६० एकर जमीन नोंदवावी, तेथे घर बांधून पाच वर्षे राहावे व ती कसावी, म्हणजे ती त्याच्या मालकीची होई. चार्ल्स ह्यांनी गावाच्या आग्नेयेस सुमारे एका मैलावर अशी जमीन नोंदविली. गावातही त्यांनी एक इमारत बांधून विकली आणि दुसरी कोपऱ्यावर बांधिली. २० जून १८८० रोजी काँग्रिगेशनल मंडळी रीतीने स्थापन झाली. ब्राउन नावाचे पाळक तिजवर होते, आणि पहिल्या थोड्याशा सभासदांत चार्ल्स व कॅरोलाइन होती. मंडळीचे स्वतःचे देऊळ १८८२ साली झाले. त्याच्या बांधकामास चार्ल्स ह्यांच्या सुताराच्या हातांनी साह्य केले.

पण त्याआधी १८८०-८१ चा हिवाळा आला. ऑक्टोबराच्या मध्यासच पहिले हिमवादळ झाले. शेतावरचे घर पातळ फळ्यांचे असल्यामुळे चार्ल्स ह्यांनी कुटुंबास गावातील इमारतीत आणिले. त्यानंतर वादळामागून वादळ येऊ लागले. मैदानात वारा अडविण्यास एक झाड नव्हते. बर्फ उडून रस्त्यावर इतके दाट होई की, समोरचे दुकान दिसू नये. लोहमार्ग जेथे टेकड्या कापून नेला होता, तेथील खोल चर बर्फाने काठोकाठ भरले. मजुरांनी फावड्यांनी ते उपसावे, आणि दुसऱ्या दिवशी वाऱ्याने ते पुन्हा भरावे, असे किती तरी वेळा झाले. शेवटी कंपनीने हात टेकले. जानेवारी १८८१ च्या आरंभापासून मे महिन्याच्या आरंभापर्यंत डी स्मेट गावी एकही गाडी आली नाही.

ह्यात गावाचा कमकुवतपणा उघड झाला. जे गाव रुळांनी निर्माण केले, ते सर्व गोष्टींकरिता रुळांवरच अवलंबून होते. कोळसा गाडीने येई, पीठ गाडीने येई, दिव्याचे तेल गाडीने येई, घराच्या फळ्यासुद्धा गाडीनेच आल्या होत्या. शेते नुकतीच नांगरली गेली होती; पहिले खरे पीक अजून यावयाचे होते. जुन्या गावात कोणाच्या तरी कणगीत मागच्या सालचे धान्य असते. ह्या नव्या गावात मागचे सालच नव्हते.

कोळसा संपला तेव्हा लोकांनी वाळलेल्या गवताचे पेंढे पिळून त्यांच्या घट्ट मोळ्या केल्या आणि त्या चुलीत घातल्या. एक मोळी क्षणात जळून जाई, म्हणून घरातील कोणी ना कोणी दिवसभर थंडीत बसून गवत पिळीत असे. चार्ल्स व लॉरा ह्यांचे हात त्याने फाटून गेले. पीठ संपल्यावर बियाण्याचा गहू कॉफी दळण्याच्या लहानशा यंत्रात दळावयाचा. आपल्या जात्यापुढे ते यंत्र म्हणजे खेळणेच; मूठभर गहू घालावा, दांडा फिरवावा, आणि पाळीपाळीने हे काम दिवसभर चालवावे, तेव्हा संध्याकाळच्या भाकरीपुरते पीठ होई. चार्ल्स ह्यांची बोटे थंडीने इतकी ताठरली की, त्यांस फिडल वाजविता येईना. ज्या घरात प्रत्येक संकटात संगीत होते ते घर मुके झाले, हे लॉराबाई पुढे साठ वर्षे विसरल्या नाहीत.

ह्यापुढील हकीकत आम्ही लॉराबाईंच्या पुस्तकावरून देतो. गावात वाइल्डर नावाचे दोघे भाऊ राहत. धाकटा अल्मांझो ह्याने वसंतात पेरण्याकरिता उत्तम बियाणे ठेविले होते, आणि ते कोणी मागू नये म्हणून खोलीत दुसरी भिंत उभारून तिच्याआड दडविले होते. चार्ल्स ह्यांस संशय आला. ते एके दिवशी तेथे गेले, भिंतीतील एक खुंटी त्यांनी उपटली आणि वाहत आलेला गहू आपल्या बादलीत घेऊन त्याचे पैसे देऊ केले. आपल्या बियाण्याविषयी त्या तरुणास जे वाटत होते ते प्रत्येक शेतकऱ्यास कळेल. बियाणे खाल्ले तर पुढील साल गेले. न द्यावे तर शेजारी मरतात. ह्या पेचातून त्याने तिसरा मार्ग काढिला. दक्षिणेस काही मैलांवर एका वसाहतवाल्याने गहू पिकविला आहे अशी नुसती वदंता होती. अल्मांझो आणि कॅप गार्लंड नावाचा त्याहून लहान मुलगा हे दोघे, दोन वादळांमधील एका उघडिपीच्या दिवशी, एकेक घोडा व एकेक घसरगाडी घेऊन निघाले. वाटेत खूण नाही, घर नाही; बर्फाखाली दलदल, आणि तीत घोडे वरचेवर रुतावयाचे. तो मनुष्य भेटला, पण त्याचाही गहू बियाण्याचाच होता. पुष्कळ विनवणी व चढा भाव ह्यांनी त्याने साठ बुशेल, म्हणजे सुमारे १६ क्विंटल, गहू दिला. पुढील वादळ सुटता सुटता रात्री ते दोघे गावात पोहोचले. जाण्यायेण्याचे त्यांनी काही घेतले नाही.

ज्या दुकानदाराने पैसा पुरविला होता त्याने तो गहू दुपटीहून अधिक भावाने विकावयास काढिला. उपाशी गाव खवळले. काही जण बळानेच गहू घेण्याच्या बेतात होते. तेव्हा चार्ल्स ह्यांनी पुढे होऊन त्यास शांतपणे समजाविले की, आज तुझा अधिकार चालेल, पण हिवाळा संपल्यावर आम्हीही कोणाकडून माल घ्यावा ह्याविषयी मोकळे आहो. दुकानदार वरमला आणि खरेदीच्याच भावाने त्याने गहू दिला. कोणापाशी पैसा किती हे न पाहता, कोणाच्या घरी माणसे किती हे पाहून वाटणी झाली. दार फुटले नाही, कोणाचे रक्त सांडले नाही, आणि मे महिन्यापर्यंत गाव जगले. गाडी आली तेव्हा तिजमध्ये आल्डेन पाळकांनी नाताळाकरिता पाठविलेले पिंपही होते. त्यात कपडे होते आणि गोठून टिकलेला टर्की पक्षीही होता. इंगल्स कुटुंबाने तो नाताळ मे महिन्यात साजरा केला.

पुस्तकात सर्वच जसेच्या तसे आहे असे नाही. उदाहरणार्थ, त्या हिवाळ्यात इंगल्स ह्यांच्या घरी दुसरे एक तरुण जोडपे आपल्या तान्ह्या बाळासह राहत होते. पुस्तकात त्यांस वगळले आहे. परंतु हिवाळा, आगगाडीचे बंद पडणे आणि त्या दोघा तरुणांची गव्हाकरिता झालेली सफर ह्या गोष्टी त्यांच्या आधीच्या साध्या आत्मवृत्तातही आहेत.

पुढे गाव वाढले. डकोटात त्या वर्षांत वसाहतवाल्यांची रीघ लागली होती. डकोटा प्रांताच्या खर्चाने मेरी आयोवा संस्थानातील आंधळ्यांच्या विद्यालयात १८८१ साली गेली आणि १८८९ पर्यंत तेथे होती; कपडे व प्रवास ह्यांचा भार घरावर होता. तो उचलण्याकरिता लॉराने शिवणकाम केले आणि १८८३ च्या डिसेंबरात, सोळाव्या वर्षी, गावापासून दूर एका रानातील शाळेवर ती शिक्षिका झाली. परक्याच्या घरी राहणे, गळक्या भिंतींची खोली, आणि शिष्यांपैकी काही तिजहून मोठे! दर शुक्रवारी कडाक्याच्या थंडीत घसरगाडी घेऊन तिला घरी नेण्यास येई तो अल्मांझो वाइल्डर. २५ ऑगस्ट १८८५ रोजी ब्राउन पाळकांनी दोघांचे लग्न लाविले.

आमच्या वाचकांनी असे समजू नये की, येथून सर्व सुखाचे झाले. अल्मांझोपाशी दोन जमिनी होत्या: एक घरवस्तीची, आणि दुसरी १८७३ च्या कायद्याप्रमाणे दहा एकर झाडे लावण्याच्या अटीवर मिळालेली. त्या काळी पुष्कळ लोक असे सांगत की, जेथे नांगर जातो तेथे मागोमाग पाऊस येतो. जमीन विकणाऱ्यांस हे बोलणे सोयीचे होते आणि आशाळू शेतकऱ्यांस ते गोड वाटे. परंतु पाऊस नांगरास ओळखीत नाही. यंत्रांकरिता व घराकरिता कर्ज झालेले; एका वर्षी गहू कापणीस आला असता गारांनी झोडपून जमिनीत घातला; पुढील वर्षे कोरडी गेली आणि लाविलेली रोपे वाळली. १८८६ च्या डिसेंबरात रोझ नावाची मुलगी झाली. १८८८ साली नवराबायको दोघांसही घटसर्प झाला, आणि पुरते बरे होण्याआधी कामास लागल्यामुळे अल्मांझोच्या अंगास अर्धांगासारखा विकार जडला; पुढे जन्मभर ते लंगडतच चालले. १८८९ च्या ऑगस्टात त्यांचा तान्हा मुलगा नाव ठेवण्यापूर्वीच वारला, आणि त्याच महिन्यात घर जळून भस्म झाले.

१८९० साली त्यांनी ती जमीन सोडिली. सासरी व मग दक्षिणेस फ्लॉरिडात काही काळ काढून १८९२ साली ती डी स्मेटास परतली. तेथे लॉराबाई दिवसा एक डॉलर मजुरीवर शिवण करीत. अल्मांझो मिळेल ते काम करीत. अशा रीतीने शंभर डॉलर साठविल्यावर १७ जुलै १८९४ रोजी त्यांनी गाडीत संसार घातला आणि मिसूरी संस्थानातील मॅन्सफील्ड गावची वाट धरिली. हजारो कुटुंबे त्या वर्षांत असेच डकोटा सोडून गेली. फुकट म्हणून मिळालेल्या जमिनीची किंमत अनेकांनी कर्जाने, आरोग्याने आणि लेकरांच्या कबरांनी भरली. सरकारच्या नोंदवहीत ती किंमत कोठेच लिहिलेली नाही.

चार्ल्स इंगल्स ह्यांनी मात्र पाच वर्षांची अट पुरी करून आपली जमीन मालकीची केली होती. तरी शेतीवर पोट भरेना, म्हणून १८९२ साली त्यांनी ती विकली व गावातील स्वतः बांधिलेल्या घरात वृद्धपण काढिले. गावचे चिटणीस, न्यायपंच, रस्त्यांवरील अधिकारी अशी लहानमोठी कामे त्यांनी केली. भटक्या वृत्तीचा तो मनुष्य ह्या गावी बावीस वर्षे टिकला. ८ जून १९०२ रोजी त्यांचे निधन झाले. लॉराबाई अखेरच्या भेटीस आल्या होत्या. कॅरोलाइन १९२४ साली वारल्या. मेरी जन्मभर अविवाहित राहिली. घोड्यांस माश्या लागू नयेत म्हणून जाळ्या विणून ती पैसा मिळवी. तिचा मृत्यू १९२८ साली झाला.

मॅन्सफील्ड येथे वाइल्डर पतिपत्नींनी खडकाळ टेकडीवर ४० एकरांपासून आरंभ केला. फळबाग, गाई आणि कोंबड्या ह्यांवर वीस वर्षांच्या श्रमाने ते शेत उभे राहिले. कोंबड्या पाळण्यात लॉराबाई इतक्या वाकबगार झाल्या की, त्या विषयावरील त्यांच्या एका निबंधामुळे मिसूरी रूरलिस्ट ह्या शेतकऱ्यांच्या पत्राने १९११ पासून त्यांजकडून लेख घेण्यास आरंभ केला. शेतकऱ्यांस सरकारी योजनेतून माफक व्याजाने कर्ज मिळवून देणारी एक संस्था गावी निघाली, तिच्या चिटणीस व खजिनदार म्हणून त्यांनी सुमारे दहा वर्षे काम केले. कर्जाने घर कसे बुडते हे ज्यांनी पाहिले, त्यांनीच शेजाऱ्यांचे हिशेब इतकी वर्षे सांभाळिले, हे आमच्या पतपेढ्यांच्या पंचांनी लक्षात घ्यावे.

आई गेली, मेरी गेली, तेव्हा जुन्या दिवसांची आठवण ठेवणारी माणसे कमी होत चालली आहेत हे लॉराबाईंच्या मनास लागले. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी रेघा मारलेल्या साध्या वह्यांत त्यांनी शिसपेनीने आपले आत्मवृत्त लिहून काढिले. प्रकाशकांनी ते नाकारिले. ते छापले गेले २०१४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी. पण रोझ स्वतः लेखिका झाली होती. तिच्या साह्याने त्याच मजकुरातून मुलांकरिता पुस्तक तयार झाले व १९३२ साली, लॉराबाई पासष्ट वर्षांच्या असता, ते प्रसिद्ध झाले. त्यामागून आणखी सात पुस्तके १९४३ पर्यंत निघाली. त्यांपैकी चार डी स्मेटविषयी असून दीर्घ हिवाळ्याचे १९४० साली निघाले. अल्मांझो १९४९ साली व लॉराबाई १० फेब्रुवारी १९५७ रोजी, नव्वद वर्षे पुरी होऊन, वारल्या.

आता आम्ही मागे सोडिलेल्या गोष्टीकडे येतो. कॅन्सासविषयीच्या त्यांच्या १९३५ च्या पुस्तकात एक वाक्य असे होते की, त्यावरून मूळवासी लोक जणू माणसांतच मोडत नाहीत असा अर्थ निघे. १९५२ साली एका वाचकाने ते प्रकाशकांच्या नजरेस आणिले. लॉराबाईंनी आपली चूक कबूल केली आणि १९५३ च्या आवृत्तीत ते वाक्य बदलले. पण एक वाक्य बदलल्याने सर्व फिटले नाही. त्यांच्या पुस्तकांत मूळवासी लोकांविषयी इतरत्रही तुच्छतेचे बोल आहेत. ह्या कारणाने अमेरिकेतील ग्रंथपालांच्या संघाने बालवाङ्मयाच्या एका पारितोषिकास दिलेले त्यांचे नाव २०१८ साली काढून टाकिले. आमचे मत असे की, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगितल्या पाहिजेत. इंगल्स कुटुंब कष्टाळू, उदार व देवभीरू होते. आणि ज्या भूमीची त्यांस आशा दाखविली होती, तीवरून दुसऱ्यांस काढून लाविले होते. कोणी माणूस आहे की नाही हे दुसऱ्याच्या बोलण्यावर ठरते, तेव्हा काय होते हे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या आजापणजांनी सोसलेले आहे. म्हणून ते ओसेज व डकोटा लोकांविषयीचे पान उलटून पुढे जाणार नाहीत अशी आम्हांस खात्री आहे.

डी स्मेट गाव आजही आहे. मोजणीदारांचे घर आणि चार्ल्स ह्यांनी गावात बांधिलेले घर लोकांनी जतन केले आहे. पण त्याच ओळीवरील पश्चिमेचे मॅन्चेस्टर नावाचे गाव पाहा. त्यासही त्याच कंपनीचे रूळ होते, तीच जमीन होती, तेच आकाश होते. ते हळूहळू रिकामे झाले, आणि २४ जून २००३ रोजी चक्री वादळाने उरलेली घरेही नेली. रुळांनी दोन्ही गावे जन्मास घातली; टिकविण्याचे सामर्थ्य त्यांत नव्हते. त्या पहिल्या हिवाळ्यात रूळ बर्फाखाली गाडले गेले असता डी स्मेट जगले ते, दोघा तरुणांनी जीव धोक्यात घातला, एका दुकानदाराने नफा सोडिला, आणि घरोघरची माणसे मोजून वाटणी झाली म्हणून. आमच्या खेड्यांसही सडक हवी, वीज हवी, स्टेशन हवे. ती मागावी आणि मिळवावी. पण ती बंद पडतील त्या दिवशी कोणाच्या दारी कोण जाईल, हे आधी ठरलेले असावे.

आणखी एक विनंती उपदेशक बंधूंस आहे. आपल्या मंडळीत अशी वृद्ध माणसे असतील की, कोणत्या दुष्काळात कोणी कणगी उघडिली, देवळास जमीन कोणी दिली, पहिला बाप्तिस्मा झाला तेव्हा गावाने कोणास विहिरीवरून परत पाठविले, हे त्यांस तोंडपाठ आहे. ती लिहू शकत नसतील. पण आपण लिहू शकता. लॉराबाईंस त्रेसष्ट वर्षांनी सवड झाली आणि तोपर्यंत मेरी गेली होती. पावसाळ्यात शेताची कामे उरकली म्हणजे एखाद्या संध्याकाळी वही घेऊन त्यांच्यापाशी बसावे, आणि सांगतील तसे, आपल्या बाजूचे व आपल्याविरुद्धचेही, उतरवून घ्यावे.